पवनेचे पाणी व संमतीचा हक्क

पवना धरणाचे पाणी बंद नळातून थेट निगडीस आणण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी जो विरोध केला, त्याला आडमुठेपणा म्हणण्याची शहरात चाल पडून गेली आहे. शहरातील कामगाराला पाणी हवे आणि शेतकरी ते अडवितो, एवढ्यावर चर्चा संपविली जाते. आमच्या वाचकांना हा प्रश्न इतका सोपा मानून चालणार नाही. त्यांपैकी कोणी पिंपरीच्या वस्तीत नळाची वाट पाहत आहेत, तर कोणाची माणसे अद्याप मावळात व खेडमध्ये दुसऱ्याच्या शेतावर राबत आहेत. म्हणून या प्रश्नाची कायद्याच्या व न्यायाच्या बाजूने तपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पवना धरण १९७२ साली पुरे झाले. त्याचे पाणी नदीच्या पात्रात सोडायचे, ते वाहत खाली आले की रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलायचे व निगडीस शुद्ध करून शहराला पुरवायचे, अशी ही व्यवस्था आहे. वाटेत पाणी मुरते, उडून जाते व घाण होते, असा महानगरपालिकेचा आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार नव्हे. म्हणून केंद्र सरकारच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून सुमारे ३५ किलोमीटर लांबीची बंद जलवाहिनी आखण्यात आली. परंतु शहराच्या हिशेबात जे पाणी ‘वाया’ जाते, त्यावरच दोन्ही तीरांवरच्या विहिरी भरतात, शेतीचे पंप चालतात व गुरे पाणी पितात. पाणी नळात गेले म्हणजे उन्हाळ्यात नदी कोरडी पडणार, ही काठच्या गावांची भीती होती. ती खोटी आहे असे त्यांना कोणी पटवून दिले नाही.

९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले. त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात एक स्त्री व दोन पुरुष असे तिघेजण प्राणास मुकले. त्यानंतर योजनेला स्थगिती मिळाली व चौकशी आयोग बसला. पुढे २०२३ साली सरकारने स्थगिती उठविली, तेव्हा विरोध पुन्हा उभा राहिला. बारा वर्षे लोटल्यावरही ज्या अर्थी विरोध तसाच राहिला, त्या अर्थी त्याचे कारण कोणा पुढाऱ्याच्या चिथावणीत नसून खोल कोठेतरी आहे, हे सुज्ञांनी ओळखावयास हवे.

ते कारण धरणाच्या तळाशी आहे. पवना धरणात १२०३ खातेदारांच्या जमिनी गेल्या. त्यांपैकी ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली; उरलेल्या ८६३ जणांची मागणी दोन पिढ्या रेंगाळत राहिली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला व्यापक कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, म्हणजे धरण भरल्यानंतर चार वर्षांनी. आधी जमीन बुडाली आणि मग कायदा जागा झाला. ज्याचे जुने देणे फेडलेले नाही, त्याच्याच दारात नवे मागणे घेऊन जाणाऱ्याला सावकारही चार शब्द ऐकवील. सरकारने मात्र तेथे पोलीस पाठविले.

परंतु १२०३ हा आकडाही पुरा नाही, कारण ही गणना खातेदारांची आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करून पोट भरीत होता, त्याचे गाव, झोपडे व रोजगार बुडाले तरी तो या हिशेबात येत नाही. ज्यांच्यापाशी वतनाचा तुकडा होता त्यांचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि ती जमीन परत मिळविण्यासाठी कब्जेहक्काची रक्कम भरणे भाग पडले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मात्र संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणाऱ्या शेतमजुराला व कुळालाही ‘बाधित कुटुंब’ मानले आहे. हे तत्त्व आज न्याय्य असेल तर ते १९७२ सालीही न्याय्यच होते. तेव्हाच्या भूमिहीनांना त्याचा लाभ नाकारण्यास नैतिक आधार कोणता, हे सरकारने सांगावे.

खाणींच्या प्रश्नात कायदा निदान काही अंशी पुढे गेला आहे. ओरिसातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण काढावयाची होती. तेथून झरे व ओढे उगम पावतात आणि डोंगरिया कोंध लोक त्या डोंगराला देव मानतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी या प्रश्नावर ग्रामसभांचा कौल घेण्यास सांगितले. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली आणि पुढच्या वर्षी केंद्र सरकारने परवानगी नाकारली. आपल्याच राज्यात, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या लोहखाणीविरुद्ध माडिया ग्रामसभा याच हक्काचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. तेथे कायदा असूनही खाण चालू झाली. मावळ तर अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे मावळच्या ग्रामसभेने ठराव केला तरी त्याला तसा आधार मिळत नाही. डोंगर आणि पाणी यांवर अवलंबून असणाऱ्या माणसाचे मत विचारावयाचे की नाही, हे तालुक्याच्या सीमेवर ठरावे, हा न्याय विचित्र होय.

यावर कोणी विचारील, मग शहरातल्या गरिबाने तहानलेले राहावे काय? मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती १७ लाखांवर होती, ती वाढतच गेली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. स्वच्छ पाणी हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात म्हटले आहे. परंतु तो हक्क नदीकाठच्या मजुरालाही तितकाच लागू आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर आमच्या वाडवडिलांनी पाण्याची ओंजळ उचलली, ती इतरांचे पाणी तोडण्यासाठी नव्हे. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा अधिकार आहे, हे सिद्ध करण्यासाठी ती उचलली होती. ती परंपरा सांगणाऱ्याने शहराच्या तहानेची ढाल करून दुसऱ्याचा हक्क बुडविण्यास संमती देता कामा नये.

राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम लावला होता व शेतीला त्याखाली ठेवले होते. २०११ साली तो क्रम बदलून शेती वर आणली गेली. कागदावरचा हा क्रम पात्रात दिसला पाहिजे. चाकणजवळच्या भामा-आसखेड धरणाचे पाणी पुण्यास नेतानाही धरणग्रस्तांचा विरोध पोलीस बंदोबस्तात मोडून काम पुरे करण्यात आले. एकाच पट्ट्यात दोनदा हाच मार्ग अवलंबिला गेला, ही गोष्ट चिंतेची आहे.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. उरलेल्या खातेदारांचे देणे आधी फेडावे. धरणाने उठविलेल्या भूमिहीन कुटुंबांची गावोगाव नोंद करून त्यांनाही हिस्सा द्यावा. नळ टाकण्याचे ठरलेच तर उन्हाळ्यात पात्रात किती पाणी सोडणार, हे कायद्याने बांधून द्यावे. योजनेचे सर्व कागद मराठीत ग्रामसभांपुढे ठेवून त्यांचा कौल घ्यावा. शहरानेही आपले सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये. रावेतच्या खाली पवनेचे जे झाले आहे ते पाहिल्यावर वरच्या गावांनी शहराच्या शब्दावर विश्वास ठेवावा कसा?

पिंपरीतील आमच्या बांधवांना शेवटी इतकेच सांगावयाचे आहे. मावळचा शेतकरी व शेतमजूर हे आपले वैरी नव्हेत. पाण्यासाठी महानगरपालिकेवर मोर्चा न्या, परंतु त्याच निवेदनात धरणग्रस्तांची मागणीही लिहा. वस्ती व गाव एकाच अर्जावर सही करतील, त्या दिवशी हा प्रश्न सरकारला टाळता येणार नाही.