हलती खुंटी

गच्चीवरून

चैत्र पौर्णिमेला चंद्र चित्रेच्या आसपास असतो, म्हणून तो चैत्र. यंदा त्या रात्री जेवणं आटोपून गिरगावातल्या आमच्या गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, मोबाइल टॉवरचे तांबडे दिवे यांच्यातून वाट काढत नजर वर नेली आणि चंद्राच्या शेजारी चित्रा सापडली. निळसर पांढरी, एकटी. बाकीची कन्या रास मुंबईच्या उजेडानं कधीच पुसून टाकली आहे. चित्रा तेवढी टिकून आहे, आणि ती दिसली की मला आमच्या जिन्यातली भांडणं आठवतात.

तिसऱ्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कुटुंब होतं. काही वर्षी त्यांचा गणपती आमच्या चक्क महिनाभर आधी बसायचा. आमचा श्रावण नुकता लागलेला आणि त्यांच्याकडे मोदक. आम्हा पोरांना दोनदा मोदक मिळायचे, त्यामुळे आमची काही तक्रार नव्हती. मोठ्यांची होती. ‘तुमचं टिळक पंचांग असेल, पण आख्खी मुंबई काय वेडी आहे का?’ या प्रश्नावर जिन्यात अर्धा-अर्धा तास जायचा, आणि खाली पाणी भरायला निघालेल्या बायका कळश्या घेऊन खोळंबायच्या.

भांडण खुंटीचं होतं. सूर्य ज्या वर्तुळावरून वर्षभर फिरताना दिसतो त्याला आरंभ नाही, शेवट नाही. मोजायचं तर कुठेतरी खुंटी ठोकावी लागते. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ पासून जे पंचांग काढलं, ज्याला पुढे पटवर्धनी म्हणू लागले, त्यात रेवतीतला झीटा पिशियम हा मंद तारा खुंटी धरला होता. टिळक डेक्कन कॉलेजात छत्र्यांचे विद्यार्थी. त्यांनीही तीच बाजू धरली. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे: चित्रेच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, राशिचक्राचा आरंभ. दोन खुंट्यांत अंतर सुमारे चार अंश. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणजे संक्रांतीत चार दिवसांचा फरक. त्या चार दिवसांत नेमकी अमावास्या आली की अधिक महिना इकडचा तिकडे जातो, आणि तिसऱ्या मजल्यावर मोदक लवकर होतात. मुंबई, पुणे, सांगली, सगळीकडे परिषदा झाल्या. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९५५ च्या अहवालात चित्रेच्या बाजूनं कौल दिला. तिसऱ्या मजल्यानं तो मानला नाही.

खुंटी कोणती, यावर इतकं झालं. खुंटीच हलत असेल तर काय, हे मात्र जिन्यात कुणी विचारलं नाही. छत्रे-केतकरांना ते ठाऊक असणारच. खगोलशास्त्रज्ञ हॅलेनं १७१८ मध्ये आपली निरीक्षणं ग्रीकांच्या अठराशे वर्षांपूर्वीच्या यादीशी ताडून पाहिली आणि स्वाती, व्याध असे ठळक तारे जागचे सरकल्याचं दाखवलं. सगळं आकाश मिळून सरकतं ते अयनचलन निराळं. हे प्रत्येक ताऱ्याचं आपापलं चालणं. मराठीत त्याला निजगती म्हणतात. शब्द सुरेख आहे, प्रॉपर मोशनपेक्षा कितीतरी.

या चालण्याचा वेग किती? लालबागच्या चौकातून गिरगाव चौपाटी कावळ्याच्या वाटेनं पाचेक किलोमीटर असेल. चौपाटीवर एक मुंगी वर्षभरात सव्वा मिलिमीटर सरकली, आणि ते लालबागमधून कुणाला दिसलं, तर त्याला चित्रेची वर्षाची निजगती दिसली असं म्हणायला हरकत नाही. कोनाच्या सेकंदाच्या भाषेत ०.०५. पूर्ण चंद्राच्या बिंबाएवढं अंतर कापायला तिला चौतीस हजार वर्षं लागतील. झीटा पिशियम तिच्या तिप्पट धावतो, तेव्हा निदान या एका बाबतीत चित्रापक्षाची खुंटी जास्त घट्ट. स्वाती मात्र खरी पळपुटी आहे. चौपाटीवर वर्षाला दोन इंच. ज्ञानेश्वरांनी जिथे स्वाती पाहिली असेल तिथून ती आज जवळजवळ एक चंद्रबिंब दूर आहे.

आता आमच्या घरातली गोष्ट. आजोबा लालबागला राहायचे आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. रातपाळीला जाण्याआधी ते गॅलरीतल्या खांबाला टेकून समोरच्या गिरणीची चिमणी बघत बसायचे. एखादा तारा चिमणीआड गेला की पंचांगाच्या समासात पेन्सिलीनं लिहायचे: ‘चित्रा आड, १०-२०.’ दुसऱ्या दिवशी १०-१६. रोज चार मिनिटं लवकर, हे त्यांनी कुणाच्या सांगण्याशिवाय शोधलं होतं. चिमणी आणि खांब! मोठमोठ्या वेधशाळांत तारा तारेआड जाण्याची वेळ टिपणारी याम्योत्तर दुर्बीण असायची, तिचंच हे लालबागी रूप. १९८२ च्या संपानंतरही ते लिहीत राहिले; चिमणीला धूर नव्हता, त्यामुळे तारे उलट स्वच्छ दिसायचे म्हणे. ती पंचांगं माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं, घबाड हाती लागलं.

कसलं घबाड! गॅलरीला खांब सात. कुठल्या खांबाला टेकले ते लिहिलेलं नाही. चिमणी दोनशे मीटरवर धरली तर डोकं पाच सेंटिमीटर इकडचं तिकडे झालं की जी चूक होते ती चित्रेच्या हजार वर्षांच्या चालण्याएवढी. घड्याळ एक सेकंद मागेपुढे असलं तर पावणेतीनशे वर्षं गेली. आणि आजोबांचं घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर लावलेलं.

त्यांना दोष द्यायचा नाही. पण आपल्या सिद्धान्तग्रंथांचंही बव्हंशी असंच झालं आहे, आणि ते बोलायला आपण कचरतो. नक्षत्रांच्या योगताऱ्यांची, म्हणजे खुणेच्या ताऱ्यांची, स्थानं ग्रंथांत आहेत, पण बहुतेक पुऱ्या अंशांत, कधी मोजली त्याचा पत्ता नाही, आणि एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरवलेली. पूर्वसूरींविषयीचा आदर पुन्हा मोजण्याच्या आड आला, असं माझं मत आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या आकड्यांचा खल केला आहे. अभिमान आणि छाननी एकाच पानावर नांदू शकतात, हे तो ग्रंथ वाचताना दिसतं.

नोंद कशी ठेवतात हे आपल्याच शहरात शिकायला मिळत होतं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तरुण केरूनाना, म्हणजे तेच केरो लक्ष्मण छत्रे, तिथे दहाएक वर्षं नोकरीला होते. तिथलं मुख्य काम पुढे चुंबकत्वाचं आणि हवामानाचं झालं: रात्रंदिवस ठरल्या वेळी सुई कुठे आहे ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. कंटाळ्याचा कळस. पण सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं महावादळ पृथ्वीवर आदळलं तेव्हा कुलाब्याची सुई घसरलेली नोंदवली गेली, आणि ती वही २००३ मध्ये, १४४ वर्षांनी, त्या वादळाचा जोर ठरवायला उपयोगी पडली. केरूनाना तेव्हा तिथे नव्हते. पण ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणाऱ्या आणि आकाशाशी जुळत नाही ते पंचांग चुकीचं असं मानणाऱ्या माणसाची तालीम या वह्यांवर झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिन्यातल्या भांडणात त्यांचं नाव घेणाऱ्या एकानंही त्यांच्या नोकरीचा उल्लेख केला नाही.

ताऱ्यांच्या बाबतीत एवढं मोठं काम मुंबईत झालं नाही. ते झालं हैदराबादेत, निजामिया वेधशाळेत. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणजे आपल्याही करातून झालं म्हणायला हरकत नाही. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलं की जगभरच्या वेधशाळांनी आकाशाच्या पट्ट्या वाटून घ्यायच्या, काचेच्या तबकड्यांवर फोटो काढायचे आणि तारान् तारा मोजायचा. हैदराबादच्या वाट्याला दक्षिणेकडची १७ ते २३ अंशांची पट्टी आली, पुढे उत्तरेकडची ३६ ते ३९ अंशांची. तबकडीवर एक मिलिमीटर म्हणजे आकाशात एक कला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक ठिपका मोजायचा, आकडा सांगायचा, दुसऱ्यानं लिहायचा. असं तीसेक वर्षं. साडेसात लाखांहून अधिक नोंदी, १२ खंड. यातून एकही सिद्धान्त निघाला नाही, कुणाचं नाव कशाला दिलं गेलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर ही सगळी आंतरराष्ट्रीय योजना म्हणजे वाया गेलेली मेहनत, असं खगोलशास्त्रज्ञ उघड म्हणत.

मग १९८९ मध्ये युरोपचा हिप्पार्कस उपग्रह उडाला. वरचं इंजिन पेटलं नाही, भलत्याच कक्षेत अडकला, तरी १९९३ पर्यंत राबला आणि १,१८,२१८ ताऱ्यांची स्थानं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत देऊन गेला. त्याच्याच बरोबरीच्या उपकरणानं आणखी पंचवीस लाख तारे पाहिले होते, पण कमी काटेकोरपणे. त्यांची निजगती कळायला साडेतीन वर्षं पुरेनात. तेव्हा आठवण झाली ती त्या जुन्या खंडांची. ऐंशी वर्षांपूर्वीचं स्थान आणि आताचं स्थान, वजाबाकी करा, वर्षांनी भागा. २००० साली प्रसिद्ध झालेली टायको-२ ही पंचवीस लाख ताऱ्यांची यादी अशी तयार झाली, आणि हैदराबादचे आकडे तिच्या पोटात आहेत. ते कामी आले कारण प्रत्येक तबकडीची तारीख लिहिलेली होती आणि चूक किती असू शकते तेही काढता येत होतं. आजोबा, खांबाचा नंबर!

अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची दुर्बिणीचंही तसंच. १९४९ ते १९५८ या काळात तिनं आकाशाचे फोटो काढून ठेवले. २०१८ पासून त्याच दुर्बिणीवर, कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींच्या पुढाकारानं, असा कॅमेरा बसला आहे की उत्तरेचं आकाश दोन-तीन रात्रींत पुन्हा पुन्हा टिपलं जातं. त्यांना भडकणारे, विझणारे तारे हवे आहेत. चालणारे तारे आपोआप जाळ्यात येतात.

आणि गाया. १९ डिसेंबर २०१३ ला निघालेलं हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर दर सहा तासांनी एक गिरकी घेत दहा वर्षांहून अधिक काळ आकाश झाडून काढत होतं. इंधन संपत आलं तसं १५ जानेवारी २०२५ ला मोजणी थांबली, मार्चमध्ये यान बंद केलं. २०२२ च्या यादीत १८० कोटींवर नोंदी आहेत, त्यातल्या सुमारे १४६ कोटींची अंतरं आणि निजगती. रंगावरून तापमान, अंतर आणि तेज यांवरून आकार आणि वय, साडेतीन कोटींच्या जवळपास ताऱ्यांचा आपल्याकडे येण्याचा किंवा लांब जाण्याचा वेग. चौपाटीवरची मुंगी सोडा, तिच्या मिशीचं टोक अर्धा मायक्रॉन हललं तरी लालबागमध्ये कळेल अशी ही नजर. तिनंच २०१८ मध्ये दाखवलं की आपल्या आकाशगंगेनं सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी एक लहान आकाशगंगा गिळली. गिळलेले तारे अजून वेगळ्या चालीनं चालतात, सासरी येऊन कितीही वर्षं झाली तरी माहेरचा हेल जात नाही तसे. यादीचं पुढचं मोठं पान डिसेंबर २०२६ मध्ये उघडायचं ठरलं आहे.

या यादीत मी हौसेनं चित्रा शोधली. नाही! ती इतकी ठळक की गायाचे डोळे दिपतात. एकशे ऐंशी कोटी आहेत, आणि जिच्यावरून तिसरा मजला दुसऱ्याशी बोलत नव्हता ती नाही. तिचे आकडे अजून हिप्पार्कसचेच घ्यावे लागतात: अंतर २५० प्रकाशवर्षं, वर त्याला चिकटलेली चूक. शिवाय चित्रा एक नव्हेच. चार दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत. खुंटी हलते, वर जोडखुंटी निघाली.

मग गायानं आपली खुंटी कशाला ठोकली? ताऱ्यांना नाहीच. फार दूरच्या आकाशगंगांच्या तेजस्वी गाभ्यांना, सोळा लाख क्वेसारांना. ते इतके लांब की त्यांचं चालणं दिसणारच नाही, म्हणून ते स्थिर धरायचे. पण २०२० मध्ये गायाच्या मोजणीतही दिसलं की ते एका ठरावीक नक्षीत सरकताना भासतात, वर्षाला सेकंदाचा पाच-दशलक्षांश. ते नव्हे, आपण वळतो आहोत. सूर्य आपल्या सगळ्या ग्रहांना घेऊन आकाशगंगेच्या मध्याकडे झुकत जातो, त्याचा हा पडसाद. हे वाचलं त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना फोन करावासा वाटला. ते आता डोंबिवलीला असतात. केला नाही, त्यांनी ‘म्हणजे टिळक बरोबर होते ना?’ एवढंच विचारलं असतं.

आमच्या चाळीचाही पुनर्विकास ठरला आहे. माळे रिकामे होताहेत, रद्दीवाला दर दोन दिवसांनी येतो, आणि गेल्या आठवड्यात एका घरातून शंभरेक वर्षांची पंचांगं वजनावर गेली. आजोबांची मी ठेवली आहेत, निरुपयोगी असली तरी. त्यांच्याच शेजारी नवी वही घातली आहे. पौर्णिमेच्या रात्री गच्चीच्या कठड्यावर खडूनं खूण केली, तिचे अक्षांश-रेखांश लिहिले, डोळ्याची उंची टेपनं मोजली, फोनचं घड्याळ जुळवलं आणि समोरच्या टॉवरच्या कोपऱ्याआड चित्रा गेली ती वेळ सेकंदापर्यंत टिपली. पुढे कंसात ‘चूक: दोन सेकंद धरा’ असंही लिहिलं. खाली उतरताना वॉचमननं सांगितलं, त्या टॉवरचे अजून नऊ मजले चढायचेत.

— गच्चीकर