पडद्यावरची हजेरी

सिनेमातल्या कॉलेजात कुणाला केटी लागत नाही, जर्नलवर सही घ्यायला कुणी सरांच्या मागे पळत नाही. ‘दुनियादारी’ (२०१३) आमच्या अख्ख्या हॉस्टेलला पाठ आहे, पण त्यातली पोरं कट्ट्यावरून उठून वर्गात जातात कधी, देव जाणे. त्यापेक्षा ‘सैराट’मधला (२०१६) वर्ग मला खरा वाटतो: नवे सर शिकवताहेत आणि पुढाऱ्याचा पोरगा भर वर्गात त्यांच्या कानाखाली वाजवतो. त्या सिनेमाच्या गाण्यांवर आम्ही गॅदरिंगला घाम निघेस्तोवर नाचलो. त्या थपडेचा विषय मात्र कँटीनमध्येसुद्धा निघाला नाही. (आमच्याकडेही पुढाऱ्यांची पोरं आहेत, हे असो.) आणि मालिकांचं तर विचारूच नका. तिथलं कॉलेज म्हणजे लग्नाआधीचे चार एपिसोड.