टाळ्या पुरे, आता मागणी नोंदवा!

उद्योगविषयक मेळावे, प्रदर्शने आणि परिसंवाद यांना आपल्या बेळगावात अलीकडे चांगलाच बहर आला आहे. मंडपाच्या एखाद्या कोपऱ्यात लहानशा टेबलावर संगणक मांडून दोन-तीन तरुण उभे असतात. त्यांच्यामागे नव्या कंपनीच्या नावाचा कापडी फलक असतो. फाउंड्रीतील प्रत्येक ओतकामाची नोंद कशी ठेवावी, दुकानातील माल संपत आल्याची सूचना वेळीच कशी मिळवावी, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला घसा कोरडा होईपर्यंत समजावून देत असतात. पाहुणे कौतुकाने ऐकतात, पाठ थोपटतात. अध्यक्ष तरुण पिढीच्या कर्तृत्वावर भाषण करून टाळ्या घेतात, छायाचित्रे निघतात आणि मंडप रिकामा होतो. टेबल आवरताना त्या तरुणांच्या हाती ओळखीच्या कार्डांचा गठ्ठा असतो. मागणीचे पत्र मात्र एकही नसते.

पिकते तेथे विकत नाही, ही म्हण आपण हसत हसत उच्चारतो. परंतु या म्हणीची केवढी जबर किंमत एखाद्या गावाला मोजावी लागते, हे बेळगावाला तरी कोणी सांगण्याची गरज पडू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून आपला व्यवसाय आरंभिला तो याच गावात. कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी येथेच केले आणि १९०३ साली लोखंडी नांगरही येथेच घडविला. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडावयास सांगितली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात रुजलेले रोप बेळगावानेच उपटून दिले, आणि त्याचा वृक्ष परमुलखात वाढलेला आपण दुरून पाहिला!

तोच प्रमाद आज आपण नव्या रूपाने करीत नाही ना, एवढाच आमचा सवाल आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून या गावात आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी येथे शिकून बाहेर पडतात आणि त्यांतील कितीतरी जण पुण्याची अथवा बंगळूरची वाट धरतात. जे मोजके तरुण येथेच राहून काही उभारू पाहतात, त्यांना पहिले गिऱ्हाईक मिळत नाही. आपला मुलगा परगावी गेला म्हणून हळहळणारे वडील आणि दुसऱ्याच्या मुलाला कारखान्याच्या दारातून परत पाठविणारे मालक हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात, हे कटू असले तरी सत्य आहे.

या तरुणांना कोणी दान द्यावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्यांच्या कामाचा उपयोग रोकडा आहे. उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीचेच उदाहरण घ्या. ओतलेल्या मालापैकी काही भाग सच्छिद्र निघतो, काही चिरतो, आणि तो पुन्हा भट्टीत जातो. वीज, मजुरी आणि वेळ तिन्ही वाया! वाळूत ओल किती होती, लोखंड किती तापमानाला ओतले, साचा कोणत्या पाळीत भरला, या नोंदी वहीत होतात. पण वही कपाटात जाते आणि दोष कोठून आला हे अंदाजावर राहते. याच नोंदी संगणकात एकत्र आल्या, तर कोणत्या पाळीत आणि कोणत्या कारणाने माल बिघडतो, हे मालकाला महिन्याभरात दिसू लागेल. रविवार पेठेतील व्यापाऱ्यालाही उधारीचा आणि शिलकी मालाचा असाच हिशेब हवा आहे. नव्या साधनाची भीती हे कारण आता पुढे करता येणार नाही. २०१६ साली देशात यूपीआय आले आणि पाहता पाहता भाजीच्या पाटीवरही ती चौकटींची पट्टी दिसू लागली.

व्यापारी बंधूंच्या शंका मात्र आम्ही नाकारीत नाही. यंत्रणा बंद पडली तर दाद कोणाकडे मागावी? आपले हिशेब परक्याच्या हाती जाणार नाहीत कशावरून? कंपनीच उद्या गुंडाळली गेली तर? या शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे लेखी करारातच असली पाहिजेत. नोंदींची मालकी गिऱ्हाइकाची राहील आणि मागताच त्या परत मिळतील, हे कागदावर यावे. प्रथम एकाच विभागात तीन महिने प्रयोग करावा, त्याचा माफक का होईना मोबदला द्यावा आणि फरक पडला तरच काम वाढवावे. दूरच्या बड्या कंपनीकडे तक्रार केल्यावर उत्तराची वाट पाहावी लागते. गावातला तरुण अर्ध्या तासात कारखान्याच्या दारी हजर होऊ शकतो.

आणि काम झाल्यावर पैसे वेळेवर द्यावेत! २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या कायद्यान्वये नोंदणीकृत लहान उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. परंतु ज्याला पहिले गिऱ्हाईक गमवायचे नाही, तो तरुण कायद्याचे नाव तरी कसा काढील? मोठ्या कारखान्याला दोन महिन्यांची थकबाकी किरकोळ वाटते. चार जणांच्या कंपनीचा तेवढ्याने श्वास कोंडतो.

तरुण मित्रांनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. उसन्या इंग्रजी शब्दांची आतषबाजी करून गिऱ्हाईक दिपते, पण पटत नाही. किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती आपल्या मालाची माहिती लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत नेण्यासाठी. हा धडा तुम्ही गिरवावा. फोरमनशी मराठीत, कानडीत, त्याला कळेल त्या भाषेत बोला. मंडपात उभे राहण्यापेक्षा भट्टीशेजारी एक पाळी उभे राहा. आपल्या वस्तूने काय होते त्याबरोबर काय होत नाही, हेही आधीच सांगा. बक्षिसाच्या ढालीपेक्षा समाधानी गिऱ्हाइकाची एक चिठ्ठी मोलाची आहे.

पुढचा मेळावा लवकरच भरेल. त्याच्या संयोजकांना आमची सूचना आहे की, भाषणांचा एक तास कमी करावा आणि त्या तासात कारखानदारांना या टेबलांसमोर बसवावे. समारोपाला किती पाहुणे आले हे न सांगता किती मागण्या नोंदल्या गेल्या, हे सांगावे. लक्ष्मणरावांना आपण परत आणू शकत नाही. त्यांच्या वाटेने निघालेल्यांना मात्र गावाच्या वेशीवर थांबवू शकतो. पहिली मागणी कोण नोंदवितो, हे आम्ही पाहणार आहोत!