युद्ध तेच, कौल वेगळा

इराकमधील युद्धाने जॉर्ज बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाला २००६ मध्ये बुडविले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. कारण हेच युद्ध २००४ मध्येही सुरू होते. ज्या सर्वसंहारक अस्त्रांच्या नावाने ते पुकारण्यात आले, त्यांचा साठा सापडलेला नव्हता. अबू गरीब तुरुंगातील छायाचित्रे जगभर पोहोचली होती. मृत अमेरिकी सैनिकांचा आकडा हजाराच्या पुढे गेला होता. तरीही नोव्हेंबर २००४ मध्ये बुश ५०.७ टक्के मते घेऊन पुन्हा अध्यक्ष झाले आणि काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत त्यांच्या पक्षाच्या जागाही वाढल्या. दोन वर्षांनंतर, ७ नोव्हेंबर २००६ रोजी, त्याच मतदारांनी ४३५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक पक्षाला २३३ जागा दिल्या आणि सिनेटमध्येही ५१ विरुद्ध ४९ असे पारडे फिरवले. दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांची गच्छंती जाहीर झाली.

एकच युद्ध एका निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना तारते आणि दुसऱ्या निवडणुकीत मारते. मग लोकप्रियता गमावलेल्या युद्धाची किंमत सत्ताधारी पक्षाला नेमकी केव्हा मोजावी लागते, हा प्रश्न उरतोच.

२००४ चे उत्तर बरेचसे विरोधी पक्षातच सापडते. ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत केला, तेव्हा बाजूने मत देणाऱ्यांत जॉन केरी होते, हिलरी क्लिंटन होत्या आणि जो बायडेनही होते. पुढे अध्यक्षपदाचे उमेदवार झालेले केरी युद्ध चुकीच्या पद्धतीने लढले गेले असे म्हणू शकत होते. ते मुळातच चुकीचे होते असे म्हणण्याची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती. युद्धखर्चासाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या विधेयकावर त्यांनी आधी बाजूने आणि मग विरोधात मत दिल्याचे स्पष्टीकरण दिले आणि रिपब्लिकन प्रचारकांच्या हाती आयतेच कोलीत सापडले. त्यातच ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला अवघी तीन वर्षे झाली होती. इराक हा दहशतवादविरोधी लढ्याचाच भाग आहे, हा बुश यांचा दावा निम्म्या देशाला तेव्हा पटत होता. ज्या युद्धावर समोरच्या उमेदवाराकडेही वेगळा मार्ग नाही, त्या युद्धासाठी सत्ताधाऱ्याला शिक्षा करून मतदाराने मिळवायचे काय?

तरीही २००४ मध्ये युद्धाची काहीच किंमत मोजावी लागली नाही, असे नव्हे. डेव्हिड कॅरोल आणि एडवर्ड मिगेल या अभ्यासकांनी राज्याराज्यांतील हताहतांची संख्या आणि मतांतील फरक ताडून पाहिला. इराकमध्ये ठार व जखमी झालेल्या सैनिकांमुळे बुश यांना देशभरात सुमारे दोन टक्के मतांचा फटका बसला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे बुश जिंकले ते युद्धामुळे नव्हे, युद्ध असूनही. ओहायो राज्यातील सुमारे एक लाख १८ हजारांच्या मताधिक्याने त्यांचे अध्यक्षपद वाचले, हे लक्षात घेतले की हे दोन टक्के किती जड होते ते कळते.

या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात युद्धापेक्षा युद्धाबद्दलचे सरकारी निवेदन अधिक कोसळले. १ मे २००३ रोजी विमानवाहू नौकेवर मोहीम फत्ते झाल्याच्या फलकाखाली बुश उभे राहिले होते. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले आणि स्वतःच्या देशातले शहर सावरू न शकणारे सरकार बगदाद कसे सावरणार, अशी शंका कालपर्यंत गप्प असलेल्यांच्या मनातही आली. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा येथील शियांच्या अल-अस्करी मशिदीचा घुमट स्फोटात उडवला गेला आणि शिया-सुन्नी रक्तपात उघड सुरू झाला. आता अमेरिकी सैनिक कोणाच्या बाजूने आणि कोणाविरुद्ध मरत आहेत, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता येईना. मतदानाच्या आदल्या महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, शंभरहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले. ठाम राहण्याची जी घोषणा बुश वर्षानुवर्षे देत आले, ती त्याच महिन्यात व्हाइट हाऊसने गुपचूप गुंडाळून ठेवली. मतदारांनी ते बरोबर टिपले.

व्हर्जिनिया या पारंपरिक रिपब्लिकन राज्यातील लढत या दृष्टीने पाहण्याजोगी होती. तेथील डेमोक्रॅटिक उमेदवार जिम वेब हे व्हिएतनाममध्ये लढलेले आणि रोनाल्ड रेगन यांच्या काळात नौदल खात्याचे मंत्री राहिलेले. युद्ध सुरू होण्यापूर्वीच त्यांनी त्याला जाहीर विरोध केला होता. मुलगा मरीन दलातून इराकमध्ये होता आणि वेब त्याचे लष्करी बूट घालून प्रचार करीत होते. अशा माणसाला पळपुटा म्हणणे अवघड होते. प्रतिस्पर्धी जॉर्ज ॲलन यांनी एका भारतीय वंशाच्या तरुण कार्यकर्त्याला भर सभेत हिणवले आणि ती चित्रफीत घरोघरी पोहोचली, हेही खरे. वेब सुमारे नऊ हजार मतांनी जिंकले. माँटानात डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन टेस्टर यांचे मताधिक्य तर साडेतीन हजारांच्या आसपास होते. सिनेटची सत्ता पालटली ती अशी हातघाईवर.

सर्वांत बोलका निकाल मात्र ऱ्होड आयलंडचा. सिनेटमधील सर्व रिपब्लिकन सदस्यांत २००२ च्या ठरावाविरुद्ध मत देणारे एकटे लिंकन चॅफी होते. युद्धामुळे संतापलेल्या मतदारांनी त्यांनाच पाडले. मतदानोत्तर पाहणीत त्यांच्या कामगिरीवर बहुसंख्य मतदार समाधानी होते. फक्त त्यांच्या नावापुढचा पक्ष मतदारांना नको होता. याउलट कनेक्टिकटमध्ये युद्धाचे खंदे समर्थक जो लीबरमन यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत ऑगस्टमध्ये पराभव पत्करावा लागला, पण नोव्हेंबरमध्ये ते अपक्ष म्हणून निवडून आले. युद्धाला विरोध करणारा पडला आणि पाठिंबा देणारा तरला. मतदार धोरणाचा हिशेब व्यक्तीनिहाय मांडत नाही, सत्तेच्या खात्यावर मांडतो.

युरोपातही हेच वेगळ्या रीतीने दिसले. स्पेनमध्ये दहापैकी नऊ नागरिक युद्धाच्या विरोधात असतानाही होजे मारिया अझनार यांचा पॉप्युलर पक्ष मार्च २००४ मध्ये विजयाच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसत होते. म्हणजे नुसत्या नापसंतीने त्यांचे काही बिघडले नव्हते. ११ मार्चला माद्रिदच्या उपनगरी गाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि १९० हून अधिक माणसे मारली गेली. धागेदोरे इस्लामी अतिरेक्यांकडे जात असताना सरकार बास्क संघटना ‘एटा’कडेच बोट दाखवीत राहिले. तीनच दिवसांनी मतदान होते. पॉप्युलर पक्षाच्या जागा १८३ वरून १४८ वर आल्या आणि समाजवादी पक्षाचे झापातेरो पंतप्रधान झाले. दहशतवाद्यांपुढे स्पेन झुकला, अशी टीका तेव्हा वॉशिंग्टनमध्ये झाली. ती वरवरची होती. मतदारांना चीड होती ती सरकारने आपल्याला फसवू पाहिल्याची. युद्धाने त्या चिडीसाठी आधीच जमीन तयार करून ठेवली होती.

ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर बचावले, पण बरेच सोलून निघाले. मार्च २००३ मध्ये त्यांच्याच मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी युद्धाविरुद्ध मत दिले होते आणि रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळ सोडले होते. मे २००५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे बहुमत १६७ वरून ६६ वर घसरले आणि मते ३५ टक्क्यांवर आली. तरी सत्ता राहिली, कारण मुख्य विरोधी हुजूर पक्षानेही युद्धाला पाठिंबाच दिला होता. युद्धविरोधी लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ६२ जागा मिळाल्या, पण सरकार बनविण्याच्या जवळपासही तो नव्हता. केरी यांचीच गोष्ट इथे दुसऱ्या भाषेत.

भारतालाही या युद्धात ओढण्याचा प्रयत्न झाला होता, याचा आज विसर पडला आहे. अमेरिकेला भारताकडून लष्कराची एक डिव्हिजन हवी होती. संसदेने एप्रिल २००३ मध्ये युद्धाविरुद्ध ठराव केला. त्याच्या हिंदी मसुद्यात ‘निंदा’ होती आणि इंग्रजीत तिची धार थोडी बोथट झाली होती. १४ जुलै रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना सैन्य पाठवण्यास नकार दिला. वर्षअखेरीस मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि दिल्लीच्या निवडणुका होत्या आणि परक्या वाळवंटातून येणाऱ्या शवपेट्यांचा अर्थ वाजपेयींसारख्या मुरलेल्या नेत्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेने अकराशेहून अधिक जवान गमावले होते, ही आठवणही फार जुनी नव्हती. गंमत अशी, की १९८९ मध्ये राजीव गांधींचा पराभव झाला तो मुख्यतः बोफोर्समुळे, उत्तर भारतात. त्या संघर्षाला सर्वांत जवळ असलेल्या तामिळनाडूत काँग्रेस-अण्णाद्रमुक आघाडीने ३९ पैकी ३८ जागा जिंकल्या.

अमेरिकेत २००६ च्या कौलानंतर जे घडले ते मात्र कमी चर्चिले जाते. युद्ध आवरा, असा निकाल स्वच्छ होता. डिसेंबरमध्ये बेकर-हॅमिल्टन यांच्या उभयपक्षीय अभ्यासगटानेही तोच सूर लावला. बुश यांनी १० जानेवारी २००७ रोजी आणखी वीस हजारांहून अधिक सैनिक पाठवण्याची घोषणा केली. माघारीचे वेळापत्रक घालणारे विधेयक नव्या काँग्रेसने संमत केले. १ मे रोजी बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. महिनाअखेर डेमोक्रॅटिक नेत्यांनी वेळापत्रकाविनाच निधी मंजूर केला, कारण लढणाऱ्या जवानांची रसद तोडल्याचा शिक्का त्यांना कपाळी नको होता. इराकमधील अमेरिकी सैनिकांसाठी सर्वांत जीवघेणे वर्ष ठरले ते हेच २००७.

अखेरचे सैन्य डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडले. मधल्या काळात २००२ च्या ठरावाला हिलरी क्लिंटन यांनी दिलेले मत २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत बराक ओबामा यांनी पुरेपूर वापरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनातील वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी, बुश घराण्याचेच जेब बुश शेजारी उभे असताना, इराक युद्ध ही घोडचूक होती असे सांगितले. सभागृहात हुर्यो उडाली. आठवड्याभरात त्या राज्याची प्राथमिक फेरी ट्रम्प यांनी जिंकली आणि जेब बुश यांनी त्याच रात्री माघार घेतली.