आधी जागेवर थांबायला शिका



प्रताप नगरातील एका भगिनीने आम्हाला प्रश्न विचारला आहे. त्यांच्या दहावीतल्या मुलाने वर्षभर पैसे साठवून रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर आणले. पहिल्याच संध्याकाळी ते कपाटावर आदळले आणि पाते मोडले. वडील कारखान्यात फिटर आहेत. ते म्हणाले, हा पैशाचा चुराडा आहे, आपल्यासारख्यांचे हे शौक नव्हेत. तेव्हापासून मुलगा घरात धड बोलत नाही. "पोराला समजावू की त्याच्या बाबाला?" असे ताई विचारतात.

ताई, आमचे उत्तर असे की दोघांना एका चटईवर बसवा आणि ते मोडके हेलिकॉप्टर मधे ठेवा. वडिलांना शौक वाटणारी ही वस्तू म्हणजे मोटर, दातेरी चाके, दांडा, बेअरिंग आणि स्क्रू यांचा जुळलेला संसार आहे. ती समजायला फिटरचा हात फार उपयोगाचा. मुलाला उडवण्याची हौस आहे आणि बापाला यंत्राची नाडी कळते. दोघांनी हात मिळवले तर साठवलेला पैसा वाया जाणार नाही. तो कसा वाचवायचा, तेच आज सांगतो.

यंत्राची ओळख

विमानाचे पंख स्थिर असतात. विमान पुढे धावले की त्यांना हवेची उचल मिळते. हेलिकॉप्टरचे पंखच गरगर फिरतात, म्हणून ते जागच्या जागी वर उठते. पण यात एक भानगड आहे. मोटर पंखा एका दिशेला फिरवते तेव्हा खालचे धड उलट दिशेला फिरू पाहते. ज्याने हातात ड्रिल मशीन धरले आहे त्याला हा झटका माहीत असतो, बिट अडकले की मशीनच हाताला पीळ देते. हा पीळ थोपवण्यासाठी हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा उभा पंखा असतो.

काही हेलिकॉप्टरांत एकावर एक असे दोन मोठे पंखे असतात आणि ते एकमेकांच्या उलट फिरतात. दोघांचा पीळ एकमेकांना मारतो आणि यंत्र बरेच शांत राहते. नवशिक्याने सुरुवात या जोडपंख्याच्या हेलिकॉप्टरवर करावी. त्यानंतर एका पंख्याचे घ्यावे, ज्यात उंची पंख्याच्या वेगाने कमीजास्त होते. ज्यात पंख्याचा वेग तोच राहून पात्यांचा तिरपेपणा बदलतो ते हेलिकॉप्टर सर्वांत चपळ, कोलांट्या मारणारे. ते पहिल्या वर्षी घरात आणूच नये. दुकानात तेच डोळ्यांत भरते आणि पोरे तेच मागतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

खोका विकत घेण्याआधी त्यावरचा मजकूर वाचा. स्वस्त खेळण्यांत पुष्कळदा रेडिओ नसतोच. टीव्हीच्या रिमोटसारखा न दिसणारा प्रकाश असतो आणि तो उन्हात गडबडतो. 2.4 गिगाहर्ट्झ असे लिहिले असेल तर रेडिओ समजावा. काही खेळणी स्वतःच उंची धरून ठेवतात. पहिल्या आठवड्याला ती बरी, पण त्यांवर उंची सांभाळण्याचा हात बसत नाही.

दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारा: सुटे भाग मिळतात का? पाती, शेपटीचा पंखा, मुख्य दांडा, दातेरी चाक आणि खालचे पाय हे मोडणारच. ते मिळत नसतील तर वस्तू कितीही सुंदर असो, घेऊ नका. शंभर रुपयांच्या पात्यासाठी अख्खे यंत्र माळ्यावर धूळ खाते, हे गरिबाच्या घराला परवडत नाही. जमवलेल्या पैशातला काही हिस्सा पहिल्या दिवसापासून सुट्या भागांसाठी बाजूला काढून ठेवावा.

पहिला धडा जमिनीवर

रिमोटला दोन दांड्या असतात. पुष्कळ रिमोटांत डावी दांडी पुढे ढकलली की यंत्र वर जाते, मागे ओढली की खाली येते आणि बाजूला नेली की नाक वळते. उजवी दांडी यंत्राला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे झुकवते. या मांडणीला मोड 2 म्हणतात. काही रिमोटांत वर-खालीची दांडी उजवीकडे असते, तो मोड 1. कोणताही चालेल, पण एक धरला की बदलू नका. बोटांना पडलेले वळण मोडणे कठीण असते.

लहानपणी आपण सर्वांनी तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ खेळला आहे. काठी पडू लागल्यावर हात नेला तर उशीर होतो. ती झुकते न झुकते तोच हात थोडासा सरकवावा लागतो आणि लगेच थांबवावा लागतो. हेलिकॉप्टर असेच आहे. सोडून दिले तर ते आपोआप सरळ होत नाही, झुकले त्या बाजूला आणखी सरकते. नवशिका घाबरून दांडी पूर्ण दाबतो, यंत्र दुसऱ्या बाजूला झेपावते, तो पुन्हा उलट दाबतो आणि तिसऱ्या झेपेला कपाट येते. म्हणून दांडी किंचित हलवायची आणि परत मधे आणायची. पुढचे सारे शिक्षण याच सवयीवर उभे आहे.

उडवण्याची घाई करू नका. 14 सप्टेंबर 1939 रोजी अमेरिकेत इगोर सिकॉर्स्की यांनी आपले व्हीएस-300 हेलिकॉप्टर पहिल्यांदा उचलले, तेव्हा ते जमिनीला बांधलेले होते. मोकळे उड्डाण झाले 13 मे 1940 रोजी. ज्याने यंत्र घडवले त्यानेच आठ महिने दोर सोडला नाही, तर आपण पहिल्या संध्याकाळी का सोडावा?

आपला दोर म्हणजे पतंगाच्या कामट्या. दोन लांब, हलक्या कामट्या फुलीसारख्या बांधून हेलिकॉप्टरच्या पायांखाली घट्ट बसवा आणि चारही टोकांना टेबल टेनिसचे हलके चेंडू लावा. मग यंत्र कलंडले तरी पाते फरशीला लागत नाही. यंत्र अगदीच लहान असेल तर एवढे वजन त्याला पेलत नाही. त्याच्या खोक्यात आलेले पायच ठेवा.

शिकण्याचा क्रम असा ठेवा. आधी शेपटी आपल्याकडे करून यंत्राच्या मागे तीन-चार मीटरवर उभे राहा. अशा वेळी त्याचे डावे ते आपले डावे असते. वेग इतकाच वाढवा की यंत्र हलके होऊन फरशीवर सरकू लागेल. एक पूर्ण बॅटरी त्याला फक्त पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवा. नजर शेपटीवर ठेवू नका, नाकावर ठेवा. हे जमले की वीतभर उचला आणि लगेच टेकवा.

इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. जमिनीलगत पंख्याची हवा फरशीवर आपटून परत येते आणि यंत्र साबणावर ठेवल्यासारखे घसरते. हात थोडा बसला की गुडघ्याएवढ्या उंचीवर न्या, तिथे ते जास्त शांत असते. लहान खोलीत हीच हवा भिंतींवरूनही परत येते, म्हणून खोलीपेक्षा सभागृह बरे. वस्तीतले विहाराचे किंवा समाजमंदिराचे सभागृह रिकाम्या वेळी कमिटीला विचारून मिळवा. छताचे पंखे बंद ठेवा आणि लहान मुलांना भिंतीपाशी बसवा.

एका जागी, एका उंचीवर, शेपटी आपल्याकडे ठेवून अर्धी बॅटरी थांबता येऊ लागले की पहिली परीक्षा पास. मग यंत्राची कूस आपल्याकडे, आधी डावी, नंतर उजवी. सर्वांत शेवटी नाक आपल्याकडे. तेव्हा डावे-उजवे उलटे होते आणि चांगले सराईतही गोंधळतात. यावर सोपी युक्ती आहे. यंत्र तुमच्याकडे तोंड करून असताना ज्या बाजूला खाली झुकते त्याच बाजूला दांडी न्या, जणू पडणाऱ्या भिंतीला टेकू लावता. आणि काहीच सुचले नाही तर वेगाची दांडी ताबडतोब शून्यावर. थांबलेले पाते फरशीवर पडले तर वाचते. फिरते पाते भिंतीला लागले तर मोडते, आणि दांडाही वाकवते.

ज्यांच्या शाळा-कॉलेजात संगणक आहे त्यांनी हेलिकॉप्टर उडवण्याचा सिम्युलेटर विचारावा. पडद्यावर शंभर वेळा पडले तरी एक पैसा लागत नाही.

बॅटरी आणि पाते

आता आई-वडिलांनी नीट वाचावे. या यंत्रांत लिथियमची बॅटरी असते. तिच्या एका घराचा दाब 3.7 व्होल्ट धरतात. पूर्ण भरल्यावर तो 4.2 होतो आणि 3 च्या खाली गेला तर बॅटरी खराब होते. एका भरण्यात लहान हेलिकॉप्टर साधारण पाच ते आठ मिनिटे उडते. जोर कमी वाटला की तिथेच थांबा, "अजून एक फेरी" करू नका. चार्जिंग गादीवर, सोफ्यावर किंवा पुस्तकांजवळ करू नये, उघड्या फरशीवर करावे. रात्री लावून झोपू नये, घर सोडून जाऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये, ती पेट घेऊ शकते. सुरू करताना आधी रिमोट आणि मग यंत्र. बंद करताना आधी यंत्र आणि मग रिमोट.

आणि पाते. मुठीएवढ्या खेळण्याचे पाते बोटाला चटका देते, डोळ्याला मात्र कायमची इजा करू शकते. मोठ्या यंत्राचे पाते जीव घेते. सप्टेंबर 2013 मध्ये न्यू यॉर्क शहरातील ब्रुकलिनच्या एका बागेत 19 वर्षांचा तरुण स्वतःच्याच रिमोटच्या हेलिकॉप्टरचे पाते लागून मरण पावला. तो नवशिका नव्हता, सराईत होता. म्हणून चेहऱ्याच्या उंचीवर आणि कोणाच्या डोक्यावरून उडवणे नाही, फिरत्या पंख्याला हात नाही आणि घरातल्या बाळाला जवळ येऊ देणे नाही. या बाबतीत वडिलांनी जरूर कडक राहावे.

प्रताप नगरचे आकाश

उघड्या मैदानात उडवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. प्रताप नगर विमानतळाच्या कुशीत आहे. सोनेगावचा हा विमानतळ 2005 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून ओळखला जातो. त्या विमानांतून शेकडो माणसे रोज येतात-जातात आणि त्यांचा जीव आपल्या हौसेपेक्षा मोठा आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केले आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आतले आकाश हिरव्यात धरलेले नाही. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतचे आकाश हिरवे धरले आहे. 250 ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला आणि छंदाच्या मॉडेलला काही बाबतींत सूट आहे, पण विमानतळाजवळ परवानगीवाचून उडवण्याची सूट त्यात नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा पाहता येते. म्हणून प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या भागांतल्या मुलांनी गच्चीवर किंवा मैदानात न उडवता छताखालीच शिकावे. थांबण्याचा धडा छताखाली उत्तम होतो, त्याला आकाश लागत नाही.

हौसेच्या पुढे

"पण याचा उपयोग काय?" असा प्रश्न उरतोच. प्रत्येक पोर वैमानिक होईल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याने वाकलेला दांडा स्वतः बदलला, पाती तोलून बसवली आणि बॅटरीचा दाब मीटरने मोजून वहीत लिहिला, त्याला यंत्राची भीती राहत नाही. नागपुरात एन.सी.सी.ची 2 महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन आहे. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत मुलामुलींना विमानांची मॉडेल बनवणे आणि उडवणे शिकवतात, आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. मुलाच्या किंवा मुलीच्या शाळा-कॉलेजात हवाई शाखा आहे का, हे एक दिवस खाडा करून का होईना, विचारून या. याच शहरात मिहानला विमाने दुरुस्त करण्याचे केंद्र आहे. तिथेही पान्हा धरणारेच हात लागतात. हे काम मुलींचे नव्हे असेही कोणी समजू नये. दांडी हलकी धरायला शिकवावे लागते, आणि ते शिकायला मुलगा-मुलगी हा भेद आड येत नाही.

सध्या मात्र एवढेच करा. रविवारी सकाळी एक वही घ्या. प्रत्येक बॅटरीला एक ओळ: तारीख, किती मिनिटे, काय जमले, काय मोडले, दुरुस्तीला किती लागले. पोराने लिहावे आणि बापाने सही करावी. दहा ओळी झाल्या की मोडतोडीचा खर्च कमी होताना दिसेल. तसा तो दिसला नाही, तर यंत्र महिनाभर बाजूला ठेवून तळहातावर काठी उभी धरण्याचा सराव करावा, त्याला काहीच खर्च नाही.

ज्या घरांत अशी वही सुरू होईल त्यांनी पहिल्या दहा ओळी आम्हाला जरूर पाठवाव्यात. इतरांच्या उपयोगी पडतील अशा युक्त्या आम्ही याच पानावर देऊ.