तिकडील क्षेम कळवावे

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले, असे इतिहास सांगतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तर तोफा त्याच्याही आधी, ३१ ऑक्टोबरलाच थंडावल्या होत्या. असे असूनही अनेक गावांतून त्या युद्धाच्या स्मरणार्थ जे दगड बसविलेले आहेत, त्यांवर १९१४ ते १९१९ अशी साले कोरलेली आढळतात. जर्मनीशी तह झाला तो जून १९१९ मध्ये, म्हणून हे साल. परंतु तहाची गोष्ट सोडून दिली, तरी शिपायाच्या घरच्यांना दगडावरचे सालच खरे वाटले असते. आपला माणूस उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत युद्ध संपले असे त्यांनी का म्हणावे?

मराठा पलटणींतील शेकडो जवान त्या वेळी मेसोपोटेमियात होते. कुतच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या; १९१६ च्या एप्रिलमध्ये तेथील सैन्याला शरण जावे लागले. १९१८ च्या ऑक्टोबरात शर्कतच्या लढाईत मराठ्यांनी मोठे शौर्य गाजविले. या लढायांची वर्णने पुस्तकांतून मिळतात. लढाई संपल्यानंतरच्या दिवसांचे वर्णन मात्र कोणी फारसे करीत नाही. आगबोटी अपुऱ्या होत्या. शिवाय जिंकलेला मुलूख राखण्यासाठी सैन्य हवेच होते. शत्रू समोर नाही आणि घरी जाण्याची पाळीही येत नाही, अशा स्थितीत शिपाई तंबूत बसून पत्रे धाडीत राहिले.

पत्रे ‘धाडीत’ म्हणावयाचे, कारण पुष्कळांना लिहिता येत नव्हते. एखादा साक्षर सोबती लिहून देई. युद्धकाळात लष्करी अधिकारी ते तपासून पाहत. गावी पोचल्यावर मास्तर किंवा टपालवाला ते ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवी. इतक्या परक्या डोळ्यांखालून आणि कानांवरून जाणाऱ्या पत्रात मनातले कितीसे येणार? म्हणून ठरलेला मायना, वडील मंडळींना साष्टांग नमस्कार, बैलांची व पेरणीची चौकशी, आणि ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ हे वाक्य. असल्या पत्रांना कोणी कोरडी म्हणतात. हा त्या पत्रांवर अन्याय आहे.

कारण १९१८ सालीच पावसाने दगा दिला, धान्य महागले, आणि त्यातच इन्फ्लुएंझाची साथ पसरली. खेड्यांतील लोक तिला मानमोडी म्हणत. मुंबई इलाख्यात लाखो माणसे दगावली. त्यांत तरण्याताठ्यांचा भरणा मोठा होता. रणांगणावरील गोळीतून वाचलेला शिपाई तिकडे पाळीची वाट पाहत होता, आणि ज्यांच्यासाठी त्याने जीव जपला ती माणसे इकडे अंथरुणाला खिळली होती. मुंबईहून समुद्रमार्गे बसऱ्याला आणि तेथून तैग्रिस नदीने वर छावणीत टपाल पोचेपर्यंत त्यातील क्षेम जुने झालेले असे. ‘तिकडील क्षेम कळवावे’ हे शब्द त्या हिवाळ्यात रिवाजापुरते लिहिले गेले नसतील.

ती पत्रे आज फार थोडी उरली आहेत. फ्रान्समधील हिंदी शिपायांच्या काही पत्रांचे उतारे लंडनमध्ये जपलेले आहेत. पण ते टिकले ते तपासनिसांनी संशयापोटी इंग्रजीत उतरवून घेतले म्हणून. घरी मायेने ठेवलेले कागद कसर आणि पाणी यांनी नेले. गावचा दगड तेवढा उभा आहे. गावातून किती गेले आणि त्यांतील किती परतले नाहीत, हे त्यावर कोरलेले आहे. जे परतले, परंतु ज्यांच्यासाठी दार उघडावयास कोणी उरले नव्हते, त्यांची संख्या त्यावर नाही.