किरणोपचाराचे दिवस घटले. प्रश्न आता ते सर्वांपर्यंत पोहोचण्याचा

नवी दिल्ली : स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर पाच आठवडे दररोज रुग्णालयात येऊन घ्यावे लागणारे किरणोपचार आता निवडक रुग्णांमध्ये अवघ्या एका आठवड्यात पूर्ण करता येतात. पुरःस्थ ग्रंथीच्या म्हणजेच प्रोस्टेटच्या कर्करोगातही साडेसात आठवड्यांचा उपचार पाच सत्रांवर आला आहे. गेल्या दोन दशकांतील मोठ्या वैद्यकीय चाचण्यांचा हा निष्कर्ष प्रगत देशांतील रुग्णांसाठी मुख्यतः सोयीचा आहे. भारतासाठी त्याचे मोल वेगळे आहे. यंत्रे अपुरी आणि प्रतीक्षायादी लांब असताना एका रुग्णाचे वाचलेले प्रत्येक सत्र दुसऱ्या रुग्णाला मिळू शकते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळले आणि नऊ लाखांहून अधिक मृत्यू झाले. कर्करुग्णांपैकी साधारण निम्म्यांना उपचाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर किरणोपचारांची गरज भासते. दहा लाख लोकसंख्येमागे किमान एक किरणोपचार यंत्र असावे, हा सर्वसाधारण निकष भारत अद्याप गाठू शकलेला नाही. उपलब्ध यंत्रेही प्रामुख्याने महानगरांत आणि खासगी रुग्णालयांत एकवटलेली आहेत.

दोन ग्रेच्या नियमाला छेद

किरणोपचारांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. दररोज सुमारे दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे उपचार देण्याची पद्धत अनेक दशके रूढ होती. मात्रा लहान भागांत विभागली की निरोगी पेशींना सावरण्यास वेळ मिळतो आणि कर्कपेशी मात्र नष्ट होतात, हे त्यामागचे तत्त्व. ते चुकीचे नव्हते. पण सर्व कर्करोगांना सारखे लागू नव्हते. स्तन आणि प्रोस्टेट यांच्या कर्करोगातील पेशी प्रत्येक सत्रातील मात्रेच्या आकाराला पूर्वीच्या समजुतीपेक्षा अधिक संवेदनशील असल्याचे हळूहळू स्पष्ट झाले. म्हणजेच दैनंदिन मात्रा वाढवून आणि एकूण मात्रा घटवून तोच परिणाम कमी दिवसांत साधता येणार होता.

ब्रिटनमधील ‘स्टार्ट’ चाचण्यांनी २००८ मध्ये पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांचा मार्ग मोकळा केला. कॅनडातील १,२३४ महिलांच्या चाचणीचे दीर्घकालीन निष्कर्ष २०१० मध्ये त्याच दिशेने आले. पुढची मोठी मजल २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने मारली. ब्रिटनमधील ४,०९६ रुग्णांचा समावेश असलेल्या या चाचणीत तीन आठवड्यांतील ४० ग्रेची तुलना एका आठवड्यातील पाच सत्रांशी करण्यात आली. पाच वर्षांनंतर त्याच स्तनात कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण तीन आठवड्यांच्या गटात २.१ टक्के, तर पाच सत्रांत २६ ग्रे घेतलेल्या गटात १.४ टक्के होते.

प्रोस्टेटबाबतही हाच प्रवास दिसतो. ३,२१६ पुरुषांवरील ‘चिप’ चाचणीने २०१६ मध्ये ३७ सत्रांऐवजी २० सत्रे पुरेशी असल्याचे दाखवले. २०२४ मध्ये ‘पेस-बी’ चाचणीने ती संख्या पाचवर आणली. कमी व मध्यम जोखमीच्या ८७४ रुग्णांपैकी पाच सत्रे घेतलेल्यांमध्ये पाच वर्षांपर्यंत रोग न उलटण्याचे प्रमाण ९५.८ टक्के, तर प्रचलित पद्धतीत ९४.६ टक्के होते.

एका ग्रेचा फरक

हे निष्कर्ष वाचताना त्यांची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. ‘फास्ट-फॉरवर्ड’मध्ये पाच सत्रांचे दोन गट होते, एका गटाला एकूण २६ ग्रे आणि दुसऱ्याला २७ ग्रे मात्रा देण्यात आली. रोगनियंत्रण दोन्हींत चांगले होते. मात्र पाच वर्षांनंतर स्तनाच्या ऊतींवरील मध्यम वा तीव्र दुष्परिणाम डॉक्टरांच्या तपासणीत जुन्या पद्धतीच्या गटात ९.९ टक्के, २६ ग्रेच्या गटात ११.९ टक्के आणि २७ ग्रेच्या गटात १५.४ टक्के आढळले. अवघ्या एका ग्रेने हा फरक पडला. ‘पेस-बी’मध्येही पाच सत्रांच्या गटात मूत्रमार्गाचे दीर्घकालीन त्रास अधिक होते : २६.९ टक्के विरुद्ध १८.३ टक्के.

याचा अर्थ असा की, सत्रे कमी झाली म्हणजे उपचार सोपा झाला, असे नाही. २५ सत्रांपैकी एखाद्या सत्रात झालेली किरकोळ चूक उरलेल्या दिवसांत काही अंशी सावरता येते. पाच सत्रांत ती संधी जवळजवळ नसते. सीटी स्कॅनवर आधारित नियोजन, मात्रेची काटेकोर पडताळणी आणि प्रशिक्षित वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ ही या पद्धतीची पूर्वअट आहे. नेमकी हीच साधने लहान शहरांतील केंद्रांत अपुरी असतात.

ब्रिटनची रुग्ण, भारताची रुग्ण

दुसरा मुद्दा रुग्णांमधील भिन्नतेचा आहे. ‘फास्ट-फॉरवर्ड’मधील बहुसंख्य महिलांचा रोग प्राथमिक अवस्थेत होता आणि शस्त्रक्रियेत स्तन राखण्यात आला होता. भारतात रोगाचे निदान बऱ्याचदा उशिरा होते. संपूर्ण स्तन काढावा लागणाऱ्या आणि काखेतील लसिका ग्रंथींनाही किरणोपचार द्यावे लागणाऱ्या महिलांचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारणे योग्य ठरत नाही. या उणिवेची दखल घेऊन कोलकात्यातील टाटा मेडिकल सेंटरने २०१९ मध्ये सुमारे २,१०० रुग्णांचे उद्दिष्ट असलेली ‘हायपोर्ट’ चाचणी हाती घेतली. एक आठवडा आणि तीन आठवडे यांची थेट तुलना भारतीय रुग्णांमध्ये करणारा हा प्रयत्न आहे.

प्रत्येक कर्करोगात दिवस घटवणे हेच उद्दिष्ट असू शकत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाह्य किरणोपचार आणि ब्रॅकिथेरपी मिळून सुमारे आठ आठवड्यांत पूर्ण होणे आवश्यक असते. तिथे उपचारात पडणारा खंड हाच मोठा शत्रू ठरतो. या क्षेत्रातील प्रगती अचूकतेतून आली. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील ३०० महिलांच्या ‘पार्सर’ चाचणीत शस्त्रक्रियेनंतर प्रतिमा-मार्गदर्शित आधुनिक तंत्राने किरणोपचार दिल्यावर आतड्यांवरील दीर्घकालीन त्रासाचे प्रमाण तीन वर्षांत ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आले. भारतासह पाच देशांतील ५०० महिलांच्या ‘इंटरलेस’ चाचणीने २०२४ मध्ये दाखवले की, किरणोपचारांपूर्वी सहा आठवडे जुनी, तुलनेने स्वस्त केमोथेरपी दिल्यास पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाते.

क्षमतेचे गणित

शंभर रुग्णांना प्रत्येकी २५ सत्रे द्यायची तर यंत्रावर २,५०० सत्रांचा भार पडतो. १५ सत्रांत तो १,५०० आणि पाच सत्रांत ५०० होतो. नवे यंत्र न घेता मिळणारी ही क्षमता आहे. रुग्णाच्या बाजूने पाहिल्यास तीन-चार आठवड्यांचे परगावचे वास्तव्य, सोबत आलेल्या नातलगाची बुडणारी मजुरी आणि धर्मशाळेतील जागेसाठीची धावपळ टळते. आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. परगावी राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार मात्र बव्हंशी कुटुंबावरच राहतो. उपचार अर्धवट सोडण्यामागे हा भार हेही एक कारण असते.

येथे धोरणाचा प्रश्न येतो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत दिवसकालीन कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा केली. त्यांपैकी २०० केंद्रे त्याच वर्षी उभी करण्याचे उद्दिष्ट होते. केमोथेरपीसाठी ही केंद्रे मोलाची ठरतील. किरणोपचारांचे तसे नाही. त्यासाठी जाड काँक्रीटच्या भिंतींचा कक्ष, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, अखंड वीज आणि प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. प्रत्येक जिल्ह्यात ते उभे राहण्यास वेळ लागेल. तोपर्यंत विद्यमान यंत्रांमधून अधिक रुग्णांना सेवा देणे हा जवळचा उपाय आहे.

त्यासाठी शुल्करचनेकडेही पाहावे लागेल. जिथे मोबदला सत्रांच्या संख्येवर ठरतो, तिथे कमी सत्रे देणाऱ्या रुग्णालयाचे उत्पन्न घटते, नियोजनाचे काम मात्र तितकेच किंवा अधिक राहते. संपूर्ण उपचारासाठी एकत्रित दर आणि नियोजनातील अचूकतेसाठी पुरेसा मोबदला, अशी रचना विमा योजनांनी स्वीकारली, तर वैद्यकीय पुरावा आणि आर्थिक हित एका दिशेने जाऊ शकतील. त्याच्या जोडीला मात्रेची बाह्य तपासणी आणि लहान केंद्रांना मोठ्या संस्थांचे नियोजनातील साहाय्य नियमितपणे मिळणे गरजेचे आहे. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरातील तीनशेहून अधिक केंद्रे व संस्था जोडलेल्या असल्याने या साहाय्यासाठी व्यासपीठ उपलब्ध आहे.

तीन आठवड्यांच्या उपचाराला भक्कम पुराव्याचा आधार मिळून आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही स्तनाच्या कर्करोगासाठी पाच आठवड्यांची पद्धत जिथे केवळ सवयीने चालू आहे, तिथे बदलाची सुरुवात त्याच टप्प्यापासून व्हायला हवी. एका आठवड्याचा निर्णय कोणासाठी योग्य, याचे अधिक ठोस उत्तर भारतीय चाचण्यांतूनच मिळेल.